एक भक्त, अनेक नाती

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मठाचा वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस खराच. परंतु तो हिशेबाचाही दिवस असतो. व्यापारी ज्याप्रमाणे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जुनी वही मिटून नवी उघडतो, आणि नवीच्या पहिल्या पानावर मागील बाकी ओढून घेतो, त्याप्रमाणे धर्मसंस्थेनेही अशा दिवशी मागील बाकी पाहावयाची असते. पालखी निघाली, संतर्पण झाले, कीर्तने रंगली, एवढे पाहून वही मिटता येत नाही. ज्या तत्त्वासाठी मठ उभा राहिला, त्या तत्त्वाचे किती ऋण फिटले आणि किती अजून डोक्यावर आहे, हे विचारल्याशिवाय वर्ष पुरे होत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय या बाकीशीच निगडित आहे.

या मंडपात बसलेल्या कोणाही एका गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. घरी तो कोकणी बोलतो, पोथी मराठीतून वाचतो, बाजारात त्याचा व्यवहार कानडीत चालतो, आणि कचेरीतील अर्ज तो इंग्रजीत लिहितो. त्याचा बडोद्यास राहणारा भाऊ गुजरातीत हिशेब मांडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील मावसभाऊ शेजाऱ्याशी हिंदीत बोलतो. हैदराबादेतील आप्तांच्या मराठीत दखनी उर्दूचा आणि तेलुगूचा गोडवा मिसळलेला असतो. या गृहस्थाचे कुलदैवत एका राज्यात, मठ दुसऱ्या राज्यात आणि मतदानाचा हक्क तिसऱ्याच राज्यात असू शकतो. तो एका कुळाचा, एका ज्ञातीचा, एका संप्रदायाचा, एका गावाचा आणि एका प्रजासत्ताकाचा असा एकाच वेळी असतो. कोणी त्याला 'तू नक्की कोण?' असे विचारले, तर तो गोंधळतो. पण हा गोंधळ त्याच्या अंतःकरणात नसून प्रश्नात आहे. आई, बहीण, सून आणि शिक्षिका ही चारही नाती एकच स्त्री सांभाळते, आणि त्यांतील खरे कोणते असे तिला कोणी विचारीत नाही. सीमेवरच्या आणि परप्रांतस्थ मराठी माणसाची स्थिती यापेक्षा वेगळी नाही.

तेव्हा नाती अनेक असणे ही अडचण नव्हे. अडचण येते ती दोन नाती दोन दिशांना ओढू लागली म्हणजे. संप्रदायाची रीत एक सांगते आणि मनातील न्यायबुद्धी दुसरेच सांगते. ज्ञातीचा मान एकीकडे राहतो आणि शेजाऱ्याचे दुःख दुसरीकडे उभे राहते. अशा वेळी माणूस बहुधा दोन सोप्या वाटांपैकी एक धरतो. पहिली वाट म्हणजे एका नात्याला बाकीची सर्व नाती गिळू द्यावयाची. मग भाषेचा अभिमानी शेजारच्या भाषेचा द्वेष करतो, ज्ञातीचा अभिमानी न्यायाकडे पाठ फिरवतो, आणि क्वचित न्यायाचा अभिमानीही घरच्या देव्हाऱ्याला तुच्छ लेखू लागतो. दुसरी वाट अधिक प्रतिष्ठित दिसते म्हणून अधिक फसवी आहे. तीत सर्व नाती ठेवली जातात, परंतु ती सोवळ्या-ओवळ्याप्रमाणे वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेली असतात. कचेरीत समतेचा कायदा पाळावयाचा आणि घरी आल्यावर तो अंगरख्याबरोबर उतरवून ठेवावयाचा. कीर्तनात चोखोबांच्या नावाने डोळे पुसावयाचे आणि पंक्तीत पान मांडताना कुळ विचारावयाचे. अशा माणसाच्या ठायी नाती अनेक असतात, पण ती एकमेकींना ओळखत नाहीत.

तिसरी वाट कठीण आहे. तीत माणूस आपले कोणतेही नाते टाकीत नाही. परंतु प्रत्येक नात्याला दुसऱ्या नात्यापुढे जाब द्यावयास लावतो. ही वाट आयुष्यभर चालून दाखविलेल्या एका पुरुषाचे चरित्र या श्रोतृसमुदायाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. ते पुरुष म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे.

शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी हे तेव्हा पटवर्धनांचे संस्थान होते. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. घराणे मराठा, घरची परंपरा वारकरी, आणि गावची भाषा कानडी. देव्हाऱ्यातील मराठी आणि अंगणापलीकडील कानडी या दोन्ही भाषांनी मुलाचे कान घडविले. पुढे मोठेपणी त्यांनी कानडी आणि मराठी यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला, कोकणी आणि मराठी यांच्या नात्याविषयीही लिहिले. या संशोधनाचे मूळ ग्रंथालयात शोधण्याचे कारण नाही. ते जमखंडीच्या त्या अंगणात सापडते. ज्याने दोन भाषांच्या कुशीत बालपण काढले, त्याला एक भाषा दुसरीची वैरीण आहे हे पटणे शक्यच नव्हते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. १८९८ साली पदवीधर झाले. शिक्षणासाठी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य लाभले. विद्यार्थिदशेत पाश्चात्त्य विचारवंतांच्या ग्रंथांनी त्यांची परंपरागत श्रद्धा डळमळली. परंतु ती श्रद्धा मोडून रिकामी जागा राहिली नाही. रानडे आणि भांडारकर यांच्या प्रार्थना समाजात त्यांना एकेश्वरी उपासनेचा नवा आधार मिळाला. १९०१ साली ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी गेले. ही शिष्यवृत्ती युनिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती मंडळींनी दिलेली होती. १९०३ साली ॲम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदारधर्मीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला उपस्थित राहून ते मायदेशी परतले. मराठा कुळातील, वारकरी घरातील, ब्राह्म मताच्या या तरुणाला ख्रिस्ती मंडळींनी शिकविले. पण त्यामुळे तो ख्रिस्ती झाला नाही, आणि तुकोबांनाही विसरला नाही. मूर्तिपूजा त्याने सोडली होती, तरी भागवत धर्माच्या विकासाचा अभ्यास त्याने केवळ परक्या पंडिताच्या अलिप्ततेने केला नाही. घर बदलले तरी माहेर तुटत नाही, तसे हे नाते होते.

परतल्यावर शिंदे मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. धर्मप्रचारकाने प्रवचने करावीत, उपासना चालवावी, एवढी अपेक्षा होती. परंतु अहमदनगरजवळ भिंगार येथे अस्पृश्य बांधवांच्या सभेला ते गेले, आणि तेथे पाहिलेल्या स्थितीने त्यांच्या उपासनेचा अर्थच पालटला. ज्या देवाला सर्वांचा पिता म्हणावयाचे, त्याच्या लेकरांपैकी कोट्यवधींना पाणवठ्याला शिवू द्यावयाचे नाही, ही प्रार्थना कोणती? १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ येथे त्यांनी शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, या संस्थेचा आरंभ केला. अध्यक्षस्थान सर नारायणराव चंदावरकर यांनी स्वीकारले. पुढे पुण्यात संस्थेची मोठी वास्तू उभी राहिली. इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांची देणगी तिला लाभली, म्हणून त्या वास्तूला अहिल्याश्रम हे नाव मिळाले. जमखंडीचा कार्यकर्ता, होन्नावरचा अध्यक्ष, इंदूरची देणगी, बडोद्याचा आश्रय आणि पुणे-मुंबईची भूमी, अशा रीतीने हे कार्य वाढले. आज ज्या दूरदूरच्या गावांहून भक्तजन या मठात येतात, त्यांतील कित्येक गावांचा हात त्या कार्याला लागलेला आहे, हे त्यांनी अभिमानाने स्मरावे, आणि त्या अभिमानाची किंमतही जाणावी.

किंमत म्हणण्याचे कारण असे की, शिंद्यांना प्रत्येक नात्याने मोबदला मागितला. ज्ञातीतील काही लोकांना ते अस्पृश्यांत मिसळून बाटलेले वाटत. प्रार्थना समाजातील काहींना त्यांचे सामाजिक व राजकीय कार्य उपासनेच्या मर्यादेबाहेरचे वाटे. १९१० साली समाजाच्या प्रचारकपदापासून ते दूर झाले. ब्राह्मणेतर पक्षाच्या काही पुढाऱ्यांना ते राष्ट्रीय चळवळीच्या फार जवळचे वाटत, आणि राष्ट्रीय पक्षातील काहींना ते समाजसुधारणेचे नसते लचांड मागे लावणारे वाटत. जो एकाच गटाचा असतो, त्याला निदान एक घर हक्काचे असते. जो सर्वांचा असतो, त्याला प्रत्येक उंबऱ्यावर प्रथम आपली ओळख पटवून द्यावी लागते.

तथापि शिंदे यांनी कोणतेही नाते फेकून दिले नाही. प्रत्येकाला जाब विचारला. राष्ट्रसभेला त्यांनी विचारले की, अस्पृश्यतेविषयी मौन पाळून राष्ट्र कसे होईल? १९१७ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात, ॲनी बेझंट अध्यक्षस्थानी असताना, दलितवर्गावरील अन्यायकारक निर्बंध दूर करण्याचा ठराव संमत झाला. त्यामागे शिंद्यांचे परिश्रम होते. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारण परिषद भरली, तीत लोकमान्य टिळकांनी भाषण केले. मराठा ज्ञातीलाही त्यांनी जाब विचारला. १९२० सालच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखून ठेवलेली जागा सहज मिळण्यासारखी असताना, ज्ञातीच्या नावावर जागा मागणे त्यांना रुचले नाही. ते पुण्यातून सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. त्याच वर्षी पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. सक्ती आधी मुलांपुरती ठेवावी आणि मुलींचा विचार मागाहून करावा, असे म्हणणारे पुष्कळ होते; मुलींना त्यातून वगळू नये म्हणून शिंदे पुढे सरसावले. १९३० साली सविनय कायदेभंगात त्यांनी कारावास सोसला. आणि १९३३ साली 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी ब्रह्मदेशातील बहिष्कृत वर्गांपर्यंत या प्रश्नाची पाळेमुळे धुंडाळली.

या कार्यात त्यांचे घरही मागे राहिले नाही. त्यांची बहीण जनाक्का बालपणीच विवाहित झाली; सासरी तिला नांदणे अशक्य झाले. परित्यक्ता हा शब्द त्या काळी स्त्रीच्या कपाळी लागला म्हणजे तिची अन्य सर्व नावे पुसली जात. परंतु भावाने तिला शिकविले, आणि ती मिशनच्या कार्यात सेविका म्हणून उभी राहिली. एका स्त्रीला समाजाने जे एकच नाव दिले होते, त्याच्या जागी तिने स्वकष्टाने दुसरे नाव मिळविले. नाती अनेक असू शकतात या सत्याची गरज सर्वांत अधिक कोणाला असेल, तर ती ज्याच्यावर समाजाने एकच नाव डागून ठेवले आहे, त्याला असते. सुखवस्तू माणसाला अनेक नाती हा अलंकार असतो. बहिष्कृताला ती मुक्ती असते.

श्रोतेहो, शिंद्यांचे चरित्र केवळ गौरवासाठी सांगावयाचे नाही. त्यात एक कठीण प्रश्नही आहे, आणि तो टाळला तर वहीतील मुख्य बाकीच लपविल्यासारखे होईल. दुसऱ्याच्या उद्धारासाठी झटणाऱ्याने दुसऱ्याच्या वतीने कोठवर बोलावे? १९१९ साली मताधिकाराच्या चौकशीसाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे शिंदे यांची साक्ष झाली आणि तरुण भीमराव आंबेडकर यांचीही झाली. आंबेडकरांचा आग्रह असा होता की, अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडून द्यावेत. इतरांनी दयाबुद्धीने त्यांच्या जागी बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. या आग्रहामागे मोठे सत्य होते. दया कितीही निर्मळ असली तरी ती देणाऱ्याच्या हातात असते. हक्क घेणाऱ्याच्या हातात असतो. शिंदे यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या संस्थेला वाहिली, तिच्या कारभारातून ते १९२३ साली निवृत्त झाले. स्वतः लावलेल्या झाडाची सावली दुसऱ्याच्या हवाली करताना कोणाचेही मन जड होईल. परंतु सेवेची पूर्तता सेवकाच्या अनावश्यक होण्यात आहे, हे तत्त्व प्रत्येक धर्मसंस्थेने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. श्रद्धा आणि आत्मसन्मान ही दोन नाती ज्या घरात एकत्र नांदू शकली नाहीत, ते घर त्यांनी सोडले. त्या निर्णयाकडे कोणी रागाने पाहिले, कोणी विषादाने पाहिले. मठातील भक्ताने त्याकडे आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने पाहावे. जाणाऱ्याने दार का उघडले, हा प्रश्न दुय्यम आहे. राहणाऱ्यांनी ते दार इतकी शतके आतून का लावून ठेवले होते, हा प्रश्न मुख्य आहे.

किनारपट्टीकडील भक्तांना या संदर्भात आणखी एका पुरुषाचे नाव ठाऊक असेल. कुदमुल रंगराव यांचा जन्म १८५९ साली कासरगोड येथे सारस्वत कुटुंबात झाला. मंगळूरात ते वकिली करीत. शिंद्यांच्या मिशनच्या पुष्कळ आधी, १८९२ साली, त्यांनी तेथे अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली, आणि १८९७ साली त्या कार्याला मिशनचे रूप दिले. ज्ञातीने त्यांच्यावर बहिष्कार घातला. तरीही या पुरुषाने कोणाविषयी कटुता धरली नाही, आणि धर्मही सोडला नाही. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी संन्यास घेतला. १९२८ साली त्यांचे देहावसान झाले. आपल्या पार्थिव देहाला खांदा अस्पृश्य बांधवांनी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. सारस्वत, वकील, ब्राह्म मताचा सुधारक, शाळेचा चालक आणि शेवटी संन्यासी: एवढी सर्व नाती एका देहात नांदली, आणि त्या देहाचा शेवटचा प्रवास कोणाच्या खांद्यावरून व्हावा हे ठरविताना त्याने सर्वांत खालच्या मानलेल्या नात्याला सर्वांत वरचे स्थान दिले. ज्या ज्ञातीने त्यांना दूर लोटले, तीच ज्ञाती आज त्यांचे नाव आदराने घेते. मात्र हा आदर पोहोचण्यास विलंब का लागला, हेही तिने स्वतःस विचारावे. मिशनचे अध्यक्ष चंदावरकर हेही त्याच किनारपट्टीवरील होन्नावरचे. १९०० साली लाहोरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि प्रार्थना समाजाचे धुरीण. या प्रतिष्ठित पदांनी त्यांना परळच्या त्या लहानशा शाळेचे नाते जड वाटू दिले नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही सर्व उदाहरणे नव्या काळातील सुधारकांची आहेत; संप्रदायाच्या परंपरेत याला आधार काय? आधार विपुल आहे. बाराव्या शतकात बसवेश्वर हे कल्याणच्या बिज्जळ राजाच्या दरबारी अधिकारी होते आणि त्याच वेळी शरणांच्या मेळ्यातील एक शरण होते. राजाची मर्जी आणि शरणांची समता यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी अधिकाराची पर्वा केली नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान कुळात जन्मले आणि 'योगसंग्राम' हा मराठी ग्रंथ लिहून संतमालिकेत विराजमान झाले. गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गायिली. १६१६ साली ते पुराण छापले गेले. गोमंतकातील त्या काळाच्या धार्मिक छळाच्या आठवणी कटू आहेत, आणि त्या विसराव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच भूमीत परधर्मीयाने मराठीला मातेचा मान दिला, हेही खरे आहे. एका भाषेला एकच धर्म नसतो, आणि एका धर्मालाही एकच भाषा नसते.

मात्र परंपरेचा आधार घेताना परंपरेची उणीव झाकू नये. चोखामेळा यांची समाधी पंढरपुरास महाद्वारापाशी आहे. शतकानुशतके वारकऱ्यांनी तिच्यापुढे मस्तक नमविले. आणि शतकानुशतके चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना त्या समाधीच्या पलीकडे पाऊल टाकता आले नाही. भक्त म्हणून चोखोबा वंद्य, आणि महार म्हणून त्यांचे वंशज वर्ज्य. दोन नाती एकाच पायरीवर उभी होती, पण त्यांच्यामध्ये भिंत होती. ही भिंत भजनाने पडली नाही. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले करण्याचा निर्णय झाला. गुरुजी समाजवादी होते आणि विठ्ठलाचे भक्तही होते. त्यांची भक्ती त्यांच्या न्यायबुद्धीपुढे उभी राहिली, आणि दोघींनी मिळून ते दार उघडले. आध्यात्मिक समता सामाजिक समतेवाचून अपुरी राहते, हा धडा पंढरीच्या पायरीने शिकविला आहे.

राज्यघटनेनेही हाच तोल साधण्याचा यत्न केला. १९५० साली अमलात आलेल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. सव्विसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला. यांतील दोन हक्क समोरासमोर आले तर काय करावे? हा प्रश्न दक्षिण कानडा प्रदेशातील मुल्की येथील वेंकटरमण मंदिराच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ते मंदिर गौड सारस्वत समाजाचे आहे हे न्यायालयाने मान्य केले. तरीही सर्वांच्या प्रवेशाचा हक्क श्रेष्ठ ठरविला, आणि काही विशिष्ट विधी संप्रदायाच्या लोकांपुरते राखण्यास मुभा दिली. या निर्णयातील विवेक प्रत्येक मठाने मनन करण्याजोगा आहे. संप्रदायाचे वैशिष्ट्य टिकावे: त्याची पूजापद्धती, त्याची गुरुपरंपरा, त्याची पदे, त्याचा आचार यांना स्थान असावे. परंतु वैशिष्ट्याचे रक्षण म्हणजे दाराला कडी नव्हे. तुळशीवृंदावनाला कठडा असतो तो तुळस वाढावी म्हणून. शेजाऱ्याला दर्शन घडू नये म्हणून कोणी कठडा बांधीत नाही.

कायदा येथवर आणून सोडतो. त्यापुढील वाट श्रद्धेची आहे. कायद्याने दार उघडते, परंतु आत आलेल्याला कोणी या म्हटले नाही तर ते दार उघडूनही बंदच राहते. मंदिरात प्रवेश आहे, पण प्रसादाच्या पंक्तीत तो कोठे बसतो? पंक्तीत बसतो, पण स्वयंपाकघरात त्याचा हात चालतो काय? हात चालतो, पण विश्वस्तमंडळात त्याचा शब्द चालतो काय? वेदपाठशाळेत, वसतिगृहात, शिष्यवृत्तीच्या यादीत त्याच्या मुलामुलींची नावे आहेत काय? मठाचा निधी अनेक पिढ्यांच्या घामातून जमलेला असतो. त्यात कुळाचा पैसा असतो तसा कुळाच्या शेतात राबलेल्या निनावी माणसाचा घामही असतो. त्या निनावी माणसाचे नाव मठाच्या कोणत्याच वहीत नाही. म्हणून त्याची बाकी फिटली असे होत नाही.

भाषेच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. सीमाभागात दोन भाषांची भांडणे अनेक वर्षे चालली. त्यांत खऱ्या तक्रारी आहेत आणि पोसलेले अभिमानही आहेत. मराठी भाषकाने आपल्या मुलांसाठी मराठी शाळा मागावी, हा त्याचा हक्क आहे. परंतु जो हक्क तो येथे अल्पसंख्य म्हणून मागतो, तोच हक्क जेथे तो बहुसंख्य आहे तेथे इतरांना देण्यास तो तयार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्याचा भाषाभिमान धर्माला धरून आहे. आजचा हा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघतो आहे. एकाच गुरूच्या स्मरणासाठी दोन लिप्या, दोन व्याकरणे आणि दोन वाचकवर्ग एका बांधणीत आले आहेत. बांधणी घट्ट आहे म्हणून पाने सुटत नाहीत. आणि पाने वेगळी आहेत म्हणूनच ग्रंथ होतो.

स्त्रियांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. बहिणाबाई ब्राह्मण घरच्या. त्यांनी तुकोबांना गुरू मानले, आणि त्यापायी घरात पुष्कळ सोसले. पत्नी आणि शिष्या या दोन नात्यांतील ओढ त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर रचनेत निर्भयपणे सांगितली. मठाच्या कितीतरी उत्सवांचा भार आजही स्त्रिया वाहतात: दळण, निवडण, नैवेद्य, रांगोळी, आरती हे सारे त्यांच्या हातचे असते. परंतु निर्णयाच्या बैठकीत त्यांच्यासाठी किती आसने मांडली जातात, हे त्या बैठकीतील पुरुषांनीच मोजावे.

भक्तजनहो, या सर्वांतून एक साधी कसोटी हाती येते. प्रत्येक नाते हे ऋण आहे. जे नाते माणसाला केवळ मान देते आणि कोणाचे देणे मागत नाही, ते नाते अभिमानाचे होय. त्याविषयी सावध असावे. जे नाते कोणाच्या तरी दुःखाचा वाटा उचलावयास लावते, ते धर्माचे होय; ते कितीही जड झाले तरी सोडू नये. शिंद्यांचे मराठापण त्यांना राखीव जागेकडे घेऊन गेले नाही, परळच्या शाळेकडे घेऊन गेले. रंगरावांचे सारस्वतपण त्यांना पंक्तीच्या मानाकडे घेऊन गेले नाही, मुलांच्या पाटीकडे घेऊन गेले. साने गुरुजींची भक्ती त्यांना गाभाऱ्यात स्वस्थ बसू देईना. ती त्यांना पंढरपुरात उपाशी बसवून गेली. नाती तीच, कुळे तीच, देवही तोच. फरक पडला तो ऋण ओळखण्यात.

महर्षी शिंदे २ जानेवारी १९४४ रोजी निवर्तले. त्यांच्या अखेरच्या काळात त्यांना म्हणावे तसे कोणत्याच एका गटाने आपले मानले नाही. परंतु जो सर्व उंबऱ्यांवर परका ठरला, त्याच्यामुळे अनेकांना उंबरा ओलांडता आला. या मठाच्या येत्या वर्षांत असा एखादा भक्त येथेच निपजेल. तो घरची भाषा बोलेल आणि शेजारची शिकेल. संप्रदायाची मुद्रा लावील आणि पंक्तीत सर्वांत शेवटी बसलेल्याच्या शेजारी जाऊन बसेल. कदाचित तो वडीलधाऱ्यांना उद्धट वाटेल आणि सुधारकांना जुनाट वाटेल. त्याला ओळखण्याची आणि त्याच्यासाठी पान मांडण्याची बुद्धी श्रीगुरुकृपेने सर्वांना लाभो, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.

इति शुभं भवतु.